स्थळाची चौकशी आणि आशाताईंच्या वहीतलं नाव

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पत्र लिहिणाऱ्या ताई पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात ११ वर्षं आशा म्हणून काम करतात. २०२० च्या टाळेबंदीत एसटी बंद होती, तेव्हा गावातल्या तिघांच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या त्यांनी तालुक्याच्या रुग्णालयातून आणून घरपोच दिल्या. त्या तिघांतला एक मुलगा आता २७ वर्षांचा आहे. वडील ट्रकवर होते. आईवडील दोघंही लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं. एचआयव्ही त्याला जन्मापासून आहे. आता त्याचं लग्न ठरलंय, आणि मुलगी ताईंच्या माहेरची, चुलतभावाची लेक. साखरपुडा झाला, लग्न तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे अडीच महिन्यांवर. वहिनी फोन करून विचारते, ‘वन्सं, मुलगा तुमच्याच गावचा. तुम्ही घरोघर फिरता. काही असेल तर आत्ताच सांगा.’ ताई लिहितात: ‘सांगितलं तर गावातला विश्वास गेला आणि कामही गेलं. नाही सांगितलं तर पोरीचं वाटोळं माझ्या हातून. मी कुणाची तरी गद्दार ठरणारच. रात्री झोप लागत नाही. काय करू?’

ताई,

पाच वर्षं हे नाव तुम्ही कुणापाशी काढलं नाहीत. नवऱ्यानं विचारलं तेव्हाही ‘बीपीच्या गोळ्या पोचवल्या’ एवढंच सांगितलंत. असं माणूस गद्दार नसतं. तुम्ही दोन्ही बाजूंची काळजी करता आहात, म्हणून झोप उडाली आहे. आणि लग्नाला अडीच महिने आहेत. मांडव पडल्यावर तुमचं पत्र आलं असतं, तर मला एवढं लिहिता आलं नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. वहिनीला त्याच्या आजाराबद्दल एक अक्षर सांगू नका. पण हात बांधून बसूही नका. लग्नाआधी, नकार देता येईल अशा वेळी, त्या मुलीला हे कळायलाच हवं, आणि ते त्याच्या तोंडून कळायला हवं. त्याला तिथवर नेऊन पोचवणं तुम्हाला जमेल, आणि गावात ते करू शकणारं दुसरं कुणी मला दिसत नाही.

पत्रात तुम्ही तीनदा लिहिलंय की तो पोरीला फसवतोय. ताई, हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही त्याच्याशी बोललात, असं पत्रात कुठेच नाही. आता साखरपुडा झाला की रात्री तास-तासभर फोन चालतात. ती दोघं काय बोलतात हे वहिनीलाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. कदाचित त्यानं सांगितलं असेल आणि ती हो म्हणाली असेल. कदाचित रोज रात्री सांगायचं ठरवून तो रोज फोन ठेवून देत असेल. आणि कदाचित खरंच लपवायचं ठरवलं असेल. या तिन्हींत तुम्ही करायचं काम वेगळं आहे, आणि कुठलं खरं ते त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही.

त्याच्या बाजूनं थोडं बघा. तो जन्मला तेव्हा आईकडून बाळाला होणारी लागण टाळण्याचा सरकारी कार्यक्रम आपल्याकडे सुरूच झाला नव्हता. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, लहान मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम २००६ च्या अखेरीस. तोवर तो जगला, हे त्याच्या आजीचे कष्ट. आजीनं औषधाबरोबर आणखी एक गोष्ट रोज पाजली असणार: शाळेत बोलायचं नाही, मामाला सांगायचं नाही, डबी वरच्या फळीवर ठेवायची. जन्मापासून लागण झालेली पुष्कळ मुलं मी एआरटी केंद्राच्या बाकड्यावर पाहिली आहेत. लपवणं त्यांना पाढ्यांसारखं पाठ असतं. सांगायचं कसं, हे मात्र त्यांना कुणीच शिकवलेलं नसतं. अशा मुलानं एकट्यानं धीर गोळा करून होणाऱ्या बायकोला सांगावं, अशी आपण अपेक्षा धरतो, आणि तो गप्प राहिला की त्याला लबाड म्हणतो.

आता ‘वाटोळं’ या शब्दाबद्दल. तुमचं प्रशिक्षण झालं त्या वेळी एचआयव्ही म्हणजे जोडीदाराला लागण होणारच, असंच बहुतेकांच्या मनात होतं. आज ते तसं नाही. ९ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला. जोडप्यात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. आपल्या पुण्यातली जोडपीही त्यात होती. २०११ मध्ये निष्कर्ष आले: ज्यांना औषध लवकर सुरू केलं, त्यांच्या जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं. पुढच्या वर्षांत, औषधानं ज्यांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सतत दबलेला राहिला, त्यांच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. नियमित गोळ्या घेणाऱ्या आणि व्हायरल लोडच्या तपासणीत विषाणू न सापडणाऱ्या माणसाकडून शारीरिक संबंधातून लागण होत नाही, हे आता जगभर मानलं जातं. अशा जोडप्यांना निरोगी मुलं होतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते.

मात्र गोळ्या चालू असणं वेगळं आणि लोड दबलेला असणं वेगळं. व्हायरल लोडची तपासणी साधारण वर्षातून एकदा होते आणि तो कागद त्याच्याकडे आहे. तुमच्याकडे नाही, आणि नसायलाच हवा. या वयातली मुलं कंटाळतात, कामाला बाहेरगावी जातात, चार-चार दिवस गोळ्या चुकवतात. तेव्हा ‘औषध घेतो ना, मग काही नाही’ असं समाधान तुम्ही करून घेऊ नका आणि त्यालाही करून घेऊ देऊ नका.

काही मुलं मला विचारत, ‘मॅडम, लागणच होणार नाही, तर सांगायचं कशाला?’ प्रश्न खोटा नाही. माझं उत्तर असं असे: लग्नानंतर तुझी डबी कुठे राहणार? दोन खोल्यांचं घर, नवी सून, पाहुणेरावळे. गोळी घ्यायला तू संडासात जाणार की शेतावर? लपवलेली गोळी आज ना उद्या चुकते. ती चुकत गेली की लोड वाढतो, आणि मग जी लागण होणार नव्हती तीही होते. बायकोला माहीत असलं, तर रात्री नऊला तीच पाण्याचा तांब्या पुढे करते. शिवाय, मूल कधी, तिची तपासणी कधी, हे सगळं दोघांनी मिळून ठरवायचं असतं. आणि शेवटी ती माणूस आहे. जन्माची गाठ बांधताना हे तिला ठाऊक असणं हा तिचा हक्क आहे. लागणीचा धोका शून्यावर आला म्हणून तो हक्क कमी होत नाही.

मग तुम्हीच का सांगायचं नाही? कायदा नाही म्हणतो, हे एक कारण. पण तो कायदा का झाला, हे कळलं तर तो जाच वाटणार नाही. नागालँडमधल्या एका डॉक्टरांनी नातेवाइकाच्या शस्त्रक्रियेसाठी चेन्नईच्या रुग्णालयात रक्त दिलं. त्यात एचआयव्ही सापडला, रुग्णालयाकडून ती गोष्ट नात्यात कळली, ठरलेलं लग्न मोडलं. एवढ्यावर थांबलं नाही. समाजानं वाळीत टाकलं आणि त्यांना आपलं राज्य सोडावं लागलं. ते न्यायालयात गेले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रुग्णालयाची बाजू घेतली आणि अशा माणसाचा लग्नाचा हक्क स्थगित असल्याचंही म्हटलं. २००२ मध्ये मोठ्या पीठानं लग्नाच्या हक्काबद्दलचं ते म्हणणं बाजूला सारलं. पुढे २०१७ मध्ये एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

या कायद्यानं कुणाची एचआयव्हीची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला बंदी घातली. जोडीदारासाठी एक अरुंद वाट ठेवली आहे, पण त्या वाटेनं फक्त डॉक्टर किंवा समुपदेशक जाऊ शकतात. जोडीदाराला खरोखर मोठा धोका आहे, त्या माणसाला ‘तू सांग’ म्हणून समुपदेशन केलेलं आहे, तरी तो सांगणार नाही अशी खात्री झाली आहे, आणि ‘आता आम्ही सांगणार’ हे त्याला आधी कळवलं आहे, एवढं सगळं झाल्यावरच. बाईच्या बाबतीत, तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर नवऱ्याला सांगता येत नाही. शिवाय कायद्यातला ‘जोडीदार’ म्हणजे नवरा-बायको किंवा तसंच नातं असलेली दोघं. साखरपुडा झालेली मुलगी त्या शब्दात बसत नाही. म्हणून आज समुपदेशकाचाही सगळा भर मुलानं स्वतः सांगण्यावरच राहील. आणि त्याच्यावर कायद्यानं जबाबदारी टाकलेली आहे: दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून शक्य ती सगळी काळजी घेणं, आणि संबंधाआधी आपली स्थिती सांगणं हा त्या काळजीचा कायद्यानं नोंदवलेला एक मार्ग आहे. हे त्याला ठाऊक नसेल, तर तुम्ही सांगू शकता.

कायद्याहून मोठं कारण माझ्या लेखी दुसरं आहे. तुमच्या वहीत तीन नावं होती. उरलेल्या दोघांचं काय?

मी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, असताना एका गावातून एक गरोदर बाई नियमित येत असे. गावातल्या कुणीतरी, अगदी भल्या हेतूनं, तिच्या जावेला ‘जरा जपून, तिचं ताट वेगळं ठेवा’ असं सांगितलं. एकाच माणसाला. दोन महिन्यांत ती बाई यायची थांबली. तीच नाही, त्याच गावातून येणारे एक काकाही थांबले, ज्यांच्याबद्दल कुणी काही बोललंही नव्हतं. त्या बाईला आम्ही पुन्हा शोधून काढेपर्यंत बाळंतपण होऊन गेलं होतं. काहीच उपाय केले नाहीत तर शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. औषधानं ते पाचाच्या खाली आणता येतं. तेवढ्यासाठी तिनं फक्त येत राहायला हवं होतं. लोकांना ही भीती किती असते ते तुम्ही रोज बघता. एसटीच्या प्रवासात सवलत आहे, तरी कितीतरी जण पूर्ण तिकीट काढतात, कारण सवलतीचं कार्ड कंडक्टरला दाखवावं लागतं आणि कंडक्टर शेजारच्या गावचा असतो.

आता त्याच्याशी बोलण्याबद्दल. मुद्दाम त्याच्या घरी जाऊ नका. लग्नघरात आशाताई वेळेविना आल्या की चार डोळे वळतात. उपकेंद्रात सिस्टर नसतील अशी वेळ बघा किंवा तो तालुक्याला जाईल त्या दिवशी स्टँडवर गाठा. फोनवर हा विषय काढू नका. फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. सुरुवात आरोपानं नको. मी असं म्हणाले असते: ‘लग्न ठरलं, बरं वाटलं. तुझी गोष्ट माझ्याजवळच आहे आणि राहील. पण मुलगी माझ्या माहेरची आहे, म्हणून माझ्या जिवाला घोर लागलाय. तिच्याशी बोललास का?’ आणि मग गप्प बसा. त्याला वेळ लागेल. मुलगी नात्यातली आहे हे लपवू नका. त्याला ते माहीत असणारच, आणि तुम्ही बोलला नाहीत तर त्याला तुमच्या प्रत्येक शब्दामागे डाव दिसेल.

‘नाही सांगितलं’ असं म्हणाला, तर त्याला विचारा की भीती नेमकी कशाची आहे. बहुतेकदा मुलगी नाही म्हणेल याची नसते. ती नाही म्हणेल आणि कारण गावभर होईल, याची असते. ही भीती खरी आहे, तिच्यावर ‘काही होत नाही’ म्हणून पांघरूण घालू नका. उपाय सांगा. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांना तो आधी एकटा भेटेल, आपला शेवटचा व्हायरल लोडचा कागद घेऊन. मग मुलीला घेऊन जाईल. तिथे तो स्वतः सांगेल, समुपदेशक शेजारी असतील, तिच्या शंकांना तिथल्या तिथे उत्तरं मिळतील, ही गोष्ट दोघांत ठेवायची म्हणजे काय हेही बोललं जाईल, आणि तिची इच्छा असेल तर तिची तपासणीही होईल. आधी मुलीला, तिच्या वडिलांना नव्हे. निर्णय तिचा आहे. आपल्याकडे तो बैठकीत चार पुरुष घेतात आणि मुलीला चहाच्या ट्रेबरोबर कळतो.

ती नाही म्हणाली, तर तो नकार त्यानं मान्य करायचा, आणि कारण म्हणून पत्रिका, नोकरी, काहीही पुढे करायची मुभा दोघांना आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे वधूवर मेळावे आपल्या राज्यात होतात, समुपदेशकांकडे त्यांची माहिती असते. पण ‘तू तुझ्यासारखीच मुलगी बघ’ असं त्याला कृपा करून ऐकवू नका. एकाला असलेला आणि एकाला नसलेला संसार सुखाचा होतो. मी असे पुष्कळ पाहिलेत.

आणि त्यानं साफ नाही म्हटलं तर? मग त्याला तोंडावर सांगा: ‘मी तुझ्या समुपदेशकांशी बोलणार आहे.’ त्या केंद्रात त्याची फाइल आहेच, तिथे तुम्ही नवं काही उघड करत नाही. त्याच्या माघारी मात्र जाऊ नका. पुढचं समुपदेशक आणि डॉक्टर बघतील. लग्न झालं, तर ती मुलगी कायद्यातली जोडीदार होते, आणि मघाशी सांगितलेली वाट त्यांच्यासाठी उघडते. तरीही असं होऊ शकतं की ती काही काळ अजाणतेपणी त्या घरात राहील. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. ते मला अन्यायाचंच वाटतं, आणि तुम्हाला त्याचा त्रास होईल. पण तो अन्याय करणारा हात तुमचा नसेल.

राहिली वहिनी. तिला खोटं सांगू नका. ‘मुलगा एकदम निरोगी आहे’ असं म्हणालात, तर ती जबाबदारी आयुष्यभर तुमच्या गळ्यात राहील. तिला म्हणा: ‘वहिनी, मी आशा आहे. कुणाच्या घरातलं दुखणं मी कुणालाच सांगत नाही. उद्या तुमच्या लेकीचं काही असलं तर तेही मी सांगणार नाही. स्थळाची चौकशी माझ्याकडे करू नका, दुसऱ्या कुणाकडे करा.’ तिला राग येईल. हेच उत्तर सगळ्यांना, सगळ्या स्थळांच्या वेळी द्यायला आजपासून सुरुवात करा, म्हणजे या एका वेळचं मौन वेगळं दिसणार नाही.

इथे एक चूक चांगल्या चांगल्या कार्यकर्त्यांकडून होते, म्हणून तुमच्यासारख्या सगळ्याच ताईंना सांगते. नाव घ्यायचं नाही म्हणून आपण हळूच म्हणतो, ‘लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करून घ्या हो.’ फक्त याच स्थळाला असं सुचवलंत, तर नाव फोडल्यासारखंच आहे. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. पण तपासणीची गोष्ट तुम्ही गावातल्या प्रत्येक लग्नाच्या वेळी, किशोरींच्या बैठकीत, बचत गटात, ग्राम आरोग्य व पोषण दिनाला बोलत आलात, तर ती सूचना कुणाकडे बोट दाखवत नाही. आयसीटीसीत तपासणी मोफत असते, संमतीशिवाय होत नाही आणि निकाल ज्याचा त्यालाच मिळतो. हे या लग्नासाठी करू नका, पुढच्या दहा लग्नांसाठी करा. या लग्नापुरतं आधी त्याच्याशी बोला, बैठका मग.

वहीबद्दलही एक. नावापुढे ‘एआरटी’ किंवा लाल खूण असं काही असेल तर ते काढा. ‘गोळ्या’ आणि तारीख एवढं पुरतं. ती वही घरात कुठे असते, तुमची मुलं त्यात चित्रं काढतात का, हेही बघा.

आणि तुमची झोप. हे तुम्ही आजवर एकटीनं पेललंत. तुमचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक ताईंपाशी किंवा समुपदेशकांपाशी, नाव-गाव न सांगता, ‘मला असा ताण आला आहे’ एवढं तरी बोला. १०९७ हा एचआयव्हीबद्दलच्या मदतीचा मोफत क्रमांक फक्त रुग्णांसाठी नाही, तुम्हीही लावू शकता. आशांना सगळं विचारलं जातं, त्यांना मात्र कुणी काही विचारत नाही. हजार माणसांमागे एक बाई नेमायची, ती गावातच राहणारी हवी अशी अट घालायची, म्हणजे नाती आणि काम एकमेकांत गुंतणारच, आणि त्या गुंत्यासाठी प्रशिक्षणात एक दिवसही द्यायचा नाही, हे मला बरोबर वाटत नाही. तुमच्या पुढच्या मासिक बैठकीत हा विषय निघावा, असं मला फार वाटतं. तिथल्या प्रत्येकीच्या वहीत असं एखादं नाव असणार.

पण ते नंतर. त्याची गोळ्यांची पुढची तारीख तुम्हाला पाठ असेलच. त्या दिवशी तो सकाळच्या गाडीनं तालुक्याला जाईल. तुम्हीही त्याच गाडीनं जा.